रक्त गेलं, उत्तर आलं नाही

साताऱ्यात कुणालाही सांगितलं की मी गोंदिया जिल्ह्यात जाऊन आले, तर पहिला प्रश्न येतो, “तिथं आहे काय?” आणि दुसरा, “भीती नाही वाटली?” भीती वाटली, पण ती कशाची, ते ऐकायला लोक थांबत नाहीत. म्हणून लिहायला बसले आहे. लिहिताना कुठं आवाज चढला, तर तो मी मुद्दाम उतरवणार नाही.

माझी कॉलेजातली मैत्रीण वसुधा डॉक्टर आहे. एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत ती संशोधन करते. डासांमुळे होणाऱ्या तापांवर, म्हणजे डेंगू आणि चिकुनगुन्यावर, तिचं काम चालतं. हे ताप सगळ्यांना सारखे छळत नाहीत. बहुतेक माणसं थोड्या दिवसांत उठून कामाला लागतात. एखाद्याचा डेंगू मात्र ताप उतरल्यावर अचानक उलटतो आणि जिवावर बेततो. एखादीचे सांधे चिकुनगुन्यानंतर वर्षानुवर्षं धरलेलेच राहतात. कोण कुठल्या वाटेनं जाणार, हे आधी ओळखता येईल का? आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांत रक्तातले काही पदार्थ वाढलेले असतात आणि ते पुढचा धोका सांगतात. शास्त्रज्ञ त्यांना बायोमार्कर म्हणतात. मी मुलांसाठी विज्ञानाचे लेख लिहिते, म्हणून वसुधानं फोन केला, “नमुने घ्यायच्या आधी गावात सभा आहे. सोप्या मराठीत समजावून सांगायला तू ये.” मी त्याला ‘रक्तातली खूण’ असं नाव दिलं आणि बॅग भरली.

गोंदिया ते केशोरी

गोंदिया स्टेशनाबाहेर मी शुद्ध मराठीत रिक्षावाल्याला पत्ता विचारला. त्यानं हिंदीत उत्तर दिलं. मी पुन्हा मराठीत, तो पुन्हा हिंदीत. शेवटी उतरताना तो म्हणाला, “मी बी मराठीच आहो मॅडम. पण तुमची मराठी टीव्हीवरच्यासारखी आहे, म्हून हिंदी बोललो.” सातारकरणीला यापेक्षा मोठा अपमान नाही. आमच्या बोलण्याला पुणेकर रांगडं म्हणतात, आणि इथं मी टीव्हीवरची ठरले.

वसुधाची जीप तयार होती. मागं बर्फाच्या निळ्या पेट्या. जीपच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की हे वाहन केवळ रक्तनमुन्यांच्या वाहतुकीसाठी आहे. वसुधा पुढं बसून फोनवर कुणाला तरी तापमान विचारत होती. मला वाटलं पेशंटचं. ते पेट्यांचं होतं.

अर्जुनी हे तालुक्याचं गाव मागं पडल्यावर डोळ्यांना दुसरं काही दिसेना, नुसतं धान. निसवायला लागलेलं, हिरव्यावर फिकट पोपटी झाक चढलेलं. मधे मधे तळी, तळ्यांत शिंगाड्याच्या वेली, आणि शेताच्या कडेला साल-सागाचं जंगल थेट येऊन थांबलेलं. आमच्याकडं ऊस उभा राहिला की शेजारचं गाव दिसत नाही. इथं धान गुडघ्याच्या वर फारसं जात नाही, त्यामुळं माणूस लांबूनही पूर्ण दिसतो. बांधीत वाकलेल्या बायका दिसत होत्या. शेताच्या एका चौकोनाला इकडं बांधी म्हणतात आणि भातलावणीला रोवणा. रोवण्याचे दिवस केव्हाच सरले होते, आता निंदण चाललं होतं.

केशोरीच्या पुढचं गाव

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. समाजमंदिरात सभा होती. वसुधानं प्रस्तावना केली, मग मी उभी राहिले. रक्तातली खूण म्हणजे काय, ती आधी कळली तर काय काय करता येईल, असं सगळं रंगवून सांगितलं. बायका ऐकत होत्या, मधूनच माझ्या बोलण्याला हसत होत्या. मी बोलून थांबले तशी भिंतीला टेकून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली एक बाई बोलली. बाकी सगळ्या खाली सतरंजीवर, ही एकटीच खुर्चीवर, म्हणून मला ती आधी गावची सरपंच वाटली होती.

“मागच्या खेपी बी नेलं रगत,” ती म्हणाली. “आमी सगळ्यांयनं देल्लं. का निंगालं त्यात?”

वसुधा म्हणाली, “मावशी, अभ्यास चालू आहे.”

“बाप्पा! माह्या पोरीचं लगन बी जमून जाईल तवरिक. तुमचा अभ्यासच चालू राहील.”

सभा हसली. बाई हसली नाही. तिचं नाव सुकमाबाई. दोन पावसाळ्यांपूर्वी चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा या गावातून वसुधाच्या लोकांनी रक्त नेलं होतं. तिच्यासारख्या बऱ्याच जणी तापातून उठल्या आणि पुन्हा शेतात गेल्या. सुकमाबाईचे हात मात्र तिथंच अडकले. तिनं मला मूठ करून दाखवली. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. खाली मांडी घालून बसता येत नाही म्हणून ती खुर्ची.

त्या दिवशी फार थोड्या जणांनी रक्त दिलं. तरीही सुकमाबाईनंच आम्हाला जेवायला नेलं. “रगत नाही देत म्हून जेवण नाही देत, असं थोडीच आहे?”

जेवण तिची मुलगी रोशनी करणार होती, पण ती तापानं पडून होती. अर्जुनीला कॉलेजात शिकणारी, हडकुळी, बोलक्या डोळ्यांची पोरगी. वसुधानं तिची झटपट तपासणी केली. डेंगू निघाला. पाणी भरपूर पी, दुखऱ्या अंगावर भलती गोळी घेऊ नकोस, असं तिनं बजावलं आणि रोशनीच्या संमतीनं तिचं रक्तही पेटीत ठेवलं. शेजारणीनं भात, लाखोळीची डाळ आणि अंबाडीची भाजी आणून दिली. “सांबार टाकू का?” असं तिनं डाळीवरून विचारलं तेव्हा मी घाईनं ताटावर हात आडवा धरला. भातावर डाळ, त्यावर आणि सांबार कशाला? सगळा ओटा हसायला लागला. इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पडल्या पडल्या रोशनीही हसली. ते हसू मला पुढचे दिवस पुरलं.

मुक्कामाच्या जागी परतल्यावर मी वसुधाला विचारलं, “खरंच अजून काही निघालेलं नाही?”

तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, “निघालंय. मागच्याच वर्षी. ज्यांच्या रक्तात एक विशिष्ट प्रथिन तापाच्या दिवसांतच खूप चढलं होतं, त्यांच्यात सांधेदुखी रेंगाळण्याचं प्रमाण स्पष्ट जास्त आलं. परदेशात परिषदेत मांडून आले मी.”

“आणि या गावात?”

“गावात कसं मांडणार? हे संशोधन आहे, तपासणी नाही. एकेका माणसाबद्दल खात्रीनं सांगता येत नाही. मंजुरीच्या अटींत आहे, व्यक्तिगत निष्कर्ष कळवायचे नाहीत.”

“सुकमाबाईचा नमुना चढा होता?”

“मला तो उघडून पाहता येतो,” ती म्हणाली, “सांगता येत नाही.”

माझं डोकं सणकलं. तिची अडचण मला समजत होती. अर्धवट निष्कर्ष सांगून माणसाला उगाच घाबरवणं वाईट, हे मान्य. पण रक्त न्यायची परवानगी यांनी मागितली, ते गोठवून ठेवायची मागितली, पेटीत घालून विमानानं पाठवायची मागितली. रक्तातून जे निघेल ते परत आणून द्यायची परवानगी तेवढी मागावी, हे एकालाही सुचलं नाही. मी हे तिला याच शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, “तू लेख लिहितेस, मला काम करायचं असतं.” आम्ही न बोलता झोपलो.

इटियाडोह आणि प्रतापगड

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. अबोला मोडायला वसुधानंच फिरायला जायचं काढलं. इटियाडोहचं धरण भरलं होतं. टेकड्यांच्या मधोमध इतकं पाणी शांत पसरलेलं की त्यात ढग स्वच्छ दिसत होते. याच पाण्यावर खालचं धान उभं असतं. काठावर दोघींनी तळलेली मासळी खाल्ली. काट्यांमुळं बोलणं टळलं, ते बरंच झालं.

तिथून प्रतापगड. आमच्या जावळीतल्या प्रतापगडावर मी लहानपणापासून चढते आहे, म्हणून हा झाडीतला प्रतापगड बघायची मला उत्सुकता होती. इथं महादेवही आहे आणि दर्ग्याचा बाबाही, आणि चढणारी माणसं दोन्हीकडं माथा टेकतात. माझ्या पुढं एक कुटुंब चढत होतं. त्यांच्यातल्या म्हातारीला मी विचारलं, “आधी कुठं जायचं?” ती म्हणाली, “जो आधी लागन त्याच्याकडं. तिथं का भांडण आहे?” वर वारा सुटला होता. खाली जंगल, जंगलात चमकणारी तळी. माझा राग थोडा निवला होता. उतरताना वसुधा म्हणाली, “सुकमाबाईच्या हातासाठी गोळ्या आहेत माझ्याकडं. जाताना देऊन जाऊ.” आणि आम्ही गावाकडं वळलो. वळलो नसतो तर काय झालं असतं, ते मी अजूनही पुरतं मनात येऊ देत नाही.

घरात सगळे खुशीत होते. “ताप उतरला पोरीचा!” सुकमाबाईच्या नवऱ्यानं अंगणातूनच सांगितलं. वसुधा आत गेली. रोशनी भिंतीकडं तोंड करून पडली होती. पोट दुखतंय, सकाळपासून पाणीसुद्धा ओकून पडतंय, असं म्हणाली. वसुधानं तिचा तळहात हातात घेतला आणि तिचा चेहरा बदलला. मीही हात लावून पाहिला. भर दुपारी तो गार आणि ओलसर होता.

“हिला आत्ता हलवायचं,” वसुधा म्हणाली.

“ताप तं उतरला ना मॅडम?” नवरा गोंधळला.

“डेंगूत ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो. चला.”

जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या माणसानं सलाइन लावली आणि हात जोडले. रक्तातल्या पेशी मोजायचं यंत्र होतं, पण त्यात घालायचं रसायन संपलेलं. “मागणी केली आहे. तुमी परवा या.” रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली.

मी पायरीवर उभी होते आणि समोर आमची जीप. तिच्यातल्या निळ्या पेटीत याच पोरीचं रक्त बर्फात जपून ठेवलेलं. ते शहरात जाणार होतं. तिथल्या यंत्राला रसायन कधी कमी पडत नाही. मग सावकाश, सगळे नमुने जमल्यावर, ते रक्त सांगणार होतं की ही मुलगी गंभीर होण्याच्या वाटेवर होती. होती! आणि ती जिवंत मुलगी इथं बाकावर आडवी, ‘परवा या’च्या भरवशावर. मी वसुधाला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. दवाखान्यातले लोक वळून बघायला लागले.

वसुधानं जीपचं मागचं दार उघडलं आणि पेट्या एकेक करून खाली ओट्यावर काढायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, माल खराब होईल. साहेब लोक आपल्याले विचारतील.”

“विचारू देत. तिला आत घे. गोंदियाला जायचं.”

सलाइनची बाटली मी धरली. सुकमाबाईला धरायची होती, पण तिच्या बोटांत ती राहीना. रोशनीचं डोकं तिनं दोन्ही मनगटांत धरलं होतं, बोटांशिवाय, आणि अख्ख्या रस्त्यात ती एकच विचारत होती, “आमाले काऊन नाही सांगितलं, ताप उतरल्यावर भेव आहे म्हून?”

तेच तर. पोट दुखणं, उलट्या न थांबणं, हातपाय गार पडणं. या खुणा बघायला ना यंत्र लागतं ना प्रयोगशाळा. आईच्या हाताला कळतात. आदल्या दिवशीच्या सभेत आम्ही दोघी त्याच बायांसमोर बोलत होतो. मी रक्तातली खूण रंगवली, वसुधानं संमती म्हणजे काय ते सांगितलं. हे साधं वाक्य आमच्या कार्यक्रमातच नव्हतं, कारण त्यातून काही नमुना मिळत नाही.

पुन्हा गोंदिया

गोंदियातल्या डॉक्टरांनी काम चोख केलं. वेळेवर आणलं, म्हणाले. पुढचे दोन-तीन दिवस अवघड गेले. व्हरांड्यात मराठी, हिंदी, छत्तीसगढी, गोंडी, सगळ्या भाषांतले नातेवाईक एकमेकांना आपापल्या पेशंटच्या पेशी सांगत होते, जसे आमच्याकडं लोक पावसाचं सांगतात. मग एका सकाळी रोशनी उठून बसली आणि म्हणाली, “आलुबोंडा पायजे.” डॉक्टरांनी तिला पेज दिली. ती रुसली. तिचं ते रुसणं बघून सुकमाबाईनं पदर तोंडाला लावला.

आम्ही तिघी बाहेर बाकावर आलो. सुकमाबाईनं वसुधाकडं सरळ पाहिलं.

“मॅडम, आता माह्या हाताचं सांगा. तुमाले मालूम आहे. पयल्या दिवशीच तुमच्या तोंडावर दिसलं मले.”

वसुधानं माझ्याकडं पाहिलं नाही. ती म्हणाली, “हो. बघितलंय मी. तुमच्या रक्तात ती खूण होती, सुकमाबाई. दुखणं लांबेल असं सांगणारी. शंभर टक्के नाही सांगता येत, पण होती. आम्हाला ते मागच्या वर्षी कळलं.”

मला वाटलं सुकमाबाई रडेल किंवा भांडेल. आधी औषध मिळालं असतं तर बरं वाटलं असतं का, असं विचारेल, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर ‘थोडा फरक पडला असता’ एवढंच होतं. तिनं ते विचारलंच नाही. तिकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. तशीच ती हळू बोलत राहिली.

“मागच्या साली मी रोवण्याले गेलो. हात ठणकत होते. दोन ओळी लावून बसून गेलो बांधीतच. बाया म्हणत, सुकमा कामचोर झाली. माहा घरचा म्हणे, सगळ्यांयचं बरं झालं, तुलेच कायले दुखते? नाटक करून रायली. रोज आयकून आयकून मले बी वाटे, का मी खरंच नाटक करतो का? मनाचंच दुखणं आहे का माह्या?” तिनं वसुधापुढं हात धरले. “तुमाले तं मालूम होतं, का माहं खरं आहे. कागदावर होतं. अन् इथं मी खोटी पडून रायलो.”

वसुधा म्हणाली, “माझं चुकलं.”

“चुकलं तं गावात चला. मले एकटीले सांगून का फायदा? माह्या घरच्याले सांगा. बायांयसमोर सांगा.”

“सगळ्यांसमोर? ते तुमचं खासगी आहे.”

“हात माहे अन् रगत बी माहंच. मीच म्हणून रायलो ना, सांगा म्हून!”

समाजमंदिर

रोशनीला घरी सोडलं त्याच दिवशी पुन्हा बायका जमल्या. या वेळी मी बोलले नाही. वसुधानं आधी डेंगूच्या धोक्याच्या खुणा सांगितल्या, प्रत्येकीला शेजारणीचा तळहात धरायला लावून. मग सुकमाबाईच्या खुर्चीशेजारी उभी राहून म्हणाली, “या बाईंचं दुखणं खरं आहे. तापाच्या वेळेसच त्यांच्या रक्तात ते दिसत होतं. त्या नाटक करत नव्हत्या. हे आम्हाला ठाऊक होतं आणि आम्ही इथं येऊन सांगितलं नाही.”

सुकमाबाईचा नवरा दाराशी उभा होता. खाली बघत त्यानं चपलेच्या टोकानं जमीन उकरली आणि म्हणाला, “मले का मालूम होतं...” तो बाहेर गेला नाही, हेही लिहिलं पाहिजे. सुकमाबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती बायांकडं बघत होती, एकेकीकडं, सावकाश.

मग मागून एक बाई उठली. “माहे गुडघे धरले आहेत तवापासून. माह्यावालं का निंगालं?” तिच्या मागं दुसरी. “माह्या सासूचं बी नेलं होतं.” तिसरी. वसुधाभोवती गराडा पडला. ती प्रत्येकीला सांगत होती की परत जाऊन परवानगी मागते, मिळाली की स्वतः येते. एक म्हातारी म्हणाली, “रगत नेतानी तं त्याच दिवशी आल्ते तुमी.”

परत येऊन आता बरेच आठवडे झाले. रोशनी कॉलेजला जायला लागली आहे. सुकमाबाई गोंदियाला व्यायामाच्या उपचारांना जाते, मूठ अजून मिटत नाही. वसुधानं वरिष्ठांकडं रीतसर मागणी केली की ज्यांना हवं त्यांना त्यांचे निष्कर्ष, मर्यादा समजावून सांगून, कळवू द्यावेत. त्यावर अजून निर्णय नाही. तिला उत्तर आलं आहे ते वेगळंच. नमुन्यांची जीप पेशंटसाठी का वापरली, पेट्या उन्हात का ठेवल्या आणि एका सहभागी स्त्रीला तिचा निष्कर्ष का सांगितला, याचं तिच्याकडून लेखी स्पष्टीकरण मागवलं आहे.

का सांगितलं, हे त्यांनी विचारलं. इतके दिवस का सांगितलं नाही, हे अजून कुणीच कुणाला विचारलेलं नाही.